वडिलांची स्मरणिका : विशेषणं कमी, दिवस जास्त

वडील गेल्यावर तेराव्याच्या गडबडीत घरातलं कुणीतरी म्हणतं, "वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक पुस्तिका काढू या." सगळे होकार देतात. मग दहा-अकरा महिने कसे जातात कळत नाही आणि शेवटच्या पंधरवड्यात धावाधाव होते. मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो, आत नातेवाइकांचे चार लेख आणि प्रत्येक लेखात तीच विशेषणं : कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल. यातलं काहीच खोटं नसतं. पण वीस वर्षांनी ती पुस्तिका नातवाच्या हाती पडली, तर त्याला आजोबा भेटत नाहीत, कारण ही विशेषणं शेजारच्या घरातल्या आजोबांनाही तशीच्या तशी लागू पडतात.

अशा कौटुंबिक पुस्तिकांचं संपादन मी बरीच वर्षं करते आहे, आणि ज्यांच्या घरी नुकतीच अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या बहुतेक पुरुषांनी बायकोमुलांवरचं प्रेम तोंडानं कधी सांगितलं नाही. चाळीत राहणाऱ्यानं पहाटे उठून पिंप भरून ठेवलं. गावाकडच्यानं स्वतःला नवा सदरा न घेता मुलीच्या वसतिगृहाची फी भरली. बायकोला संधिवात झाल्यावर कुणी गुपचूप कणीक मळायला शिकला. त्या माणसाची आठवण लिहायची, तर त्यानं केलेल्या गोष्टीच लिहाव्या लागतात. आणि त्या सगळ्यात जवळून पाहिलेली साक्षीदार म्हणजे तुमची आई. कामाला सुरुवात तिच्यापासून करा.

बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. मुलं लिहितात, पुतणे लिहितात, कचेरीतले साहेब लिहितात आणि आईचा फक्त फोटो असतो. "तिला काय लिहिता येणार", "तिला त्रास कशाला" असं म्हणून तिला बाजूला बसवतात. खरं तर आपल्या भाषेत नवऱ्याविषयी बायकांनी लिहिलेल्या आठवणींची फार मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले. त्यांच्या पत्नी रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 मध्ये आलं. रानड्यांची सार्वजनिक कामगिरी सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. पण बायकोला शिकवण्यासाठी हा माणूस रोज वेळ काढत होता, आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी तिला खावी लागत होती, हे कळतं ते रमाबाईंमुळे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक उभे केले, तेही घरातल्या उलथापालथीसकट. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर पती-पत्नी काही वर्षं वेगळी राहिली. ते दिवस लक्ष्मीबाईंनी लपवले नाहीत आणि गोडही करून सांगितले नाहीत. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. "आईला लिहिता येत नाही" ही सबब ते पुस्तक वाचल्यावर कुणी देऊ नये.

आईला लिहायला बसवायचं नाही. तिला बोलतं करायचं आणि फोनवर ध्वनिमुद्रण करायचं. तिला आधी सांगा, तिची परवानगी घ्या. लपून रेकॉर्ड केलेलं तिला नंतर कळलं तर विश्वास जातो. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरतो, त्यापुढे ती थकते. पंखा बंद करा, कुकर चढवलेला नसताना बसा, फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. समोरासमोर मुलाखत घेतल्यासारखं बसलात तर ती आखडेल. मेथी निवडताना, जुन्या साड्यांच्या घड्या घालताना बोलणं आपोआप सुरू होतं.

प्रश्न कोणता विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "बाबा कसे होते?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "चांगले होते गं," आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारा : उठल्यावर पहिलं काय करायचे? पगाराचं पाकीट कुणाच्या हातात द्यायचे, देवापुढे ठेवायचे की कपाटात? दादाच्या जन्माच्या वेळी ते कुठे होते, निरोप कुणी नेला? तुमचं भांडण झालं की आधी कोण बोलायचं? तू आजारी पडलीस तेव्हा डबा कुणी केला? तुला नावानं हाक मारायचे का? या शेवटच्या प्रश्नावर अनेक आया हसतात आणि मग खूप काही सांगतात. चारचौघांत "अगं, ऐकलंस का" एवढंच म्हणणारा माणूस दोघंच असताना कोणत्या नावानं हाक मारत होता, हे मुलांना चाळीस-पन्नास वर्षांत ठाऊक नसतं.

तिची आठवण चुकली तरी तिथेच दुरुस्त करू नका. तीच गोष्ट ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगेल. ऐका, कारण दर वेळी एखादा नवा तपशील येतो. रडू आलं तर ध्वनिमुद्रण थांबवा, पाणी द्या, दुसरा विषय काढा, पुन्हा आठवड्यानं बसा. फाइलला लगेच तारीख आणि विषय लिहून नाव द्या आणि त्याच दिवशी ती दुसऱ्या एखाद्या भावंडाकडे पाठवून ठेवा.

साल आठवणं हे सगळ्यांनाच अवघड जातं. "किती साली?" असं विचारू नका, सगळ्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या घटनेच्या आधी की नंतर, ते विचारा. पुण्याच्या माणसाला पानशेतचा पूर (12 जुलै 1961) विसरता येत नाही. सातारा-कऱ्हाडकडच्यांना कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967) पक्का आठवतो. मराठवाडा, सोलापूर, नगरकडच्या घरांत 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो ज्वारी अजून बोलण्यात येते. गिरणगावात सगळं आयुष्यच संपाआधीचं आणि संपानंतरचं असतं. गिरणी कामगारांचा तो संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप : 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. मुंबईत 26 जुलै 2005 चा महापूर. "तुझं डोहाळजेवण भूकंपाच्या आधी झालं की नंतर?" असं विचारलं की आईला वर्षच नव्हे, महिनाही सांगता येतो. ती तिथी सांगत असेल तर तीही लिहून घ्या. जुनं पंचांग मिळालं की तिथीवरून तारीख काढता येते.

इथे एक सावधगिरी. दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून असेल तर ती खरी असेलच असं नाही. जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे गुरुजींनी शाळेत घालताना हीच तारीख टाकली आहे. आजी काय म्हणायची ते विचारा : पोळ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, थोरल्या काकांच्या लग्नाच्या वर्षी. पुस्तिकेत दोन्ही द्या, कागदावरची तारीखही आणि घरात सांगितली जाणारीही.

कागद शोधायला लागाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या फायलीवरच थांबू नका. निवृत्तिवेतनाचा आदेश आणि नोकरीचे बदली-हुकूम यांवरून तुमचं कुटुंब कोणत्या वर्षी कुठे राहत होतं ते जुळतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मूळ गाव सांगतो. पण वडिलांचा स्वभाव सापडतो तो वेगळ्या कागदांत. भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयवर दुधाचे आकडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि एखाद्या चौकोनात बारीक अक्षरात "हिचे डोळे तपासणे" असं लिहिलेलं असतं. औषधांच्या पावत्या एका टाचणीत लावलेल्या असतात. गावाकडे पाठवलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या, विम्याच्या हप्त्यांची वही, तुमच्या शाळेचं प्रगतिपुस्तक, त्यावरची त्यांची सही. आंतरदेशीय पत्रांवर आतली तारीख नसली तर पोस्टाचा शिक्का पाहा. हे कागद रद्दीत जाण्याची वेळ म्हणजे घर आवरण्याचा पहिला महिना. तेव्हा भावनेच्या भरात किंवा जागेच्या अडचणीपायी काहीही फेकू नका. एक पत्र्याची पेटी काढा, सगळं त्यात ठेवा, वर्षभर पेटी रिकामी करायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवा.

फोटोंची काळजी वेगळी घ्यावी लागते. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींनी फोटो कायमचा खराब होतो. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो ओढून काढला तर वरचा थर फाटतो, म्हणून तो आहे तिथेच खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोननं टिपा. सुटे, लहान फोटो स्कॅन करायचे असतील तर 600 डीपीआयला करा, म्हणजे मोठे छापता येतात. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे नावं, गाव आणि साल लिहा; बॉलपेनचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो. हे काम आत्याबाईंना समोर बसवून करायचं. काळ्या-पांढऱ्या गटफोटोत मागच्या रांगेतला तिसरा मुलगा कोण, हे ओळखणारं माणूस बहुतेक कुटुंबांत एकच उरलेलं असतं. ध्वनिफिती सापडल्या तर लगेच संगणकावर उतरवून घ्या. आपल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते.

आणि त्यांचा फोन. तो नातवाला खेळायला देण्याआधी त्यातले व्हॉइस मेसेज बाहेर काढून ठेवा. "पोचलीस का गं?" एवढंच असलेला चार सेकंदांचा आवाजसुद्धा. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी तो क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि बराच काळ न वापरलेलं व्हॉट्सॲप खातंही बंद होतं. पहिल्या महिन्यातच करायचं काम आहे हे.

आईही हयात नसेल तर काम थोडं पसरतं, पण होतं. आत्या, काका, मामा तर आहेतच. त्यांच्या पलीकडे जा. वडील गाडीनं कामावर जात असतील तर डब्यातला भजनाचा किंवा पत्त्यांचा गट होता का? वारीला जात असतील तर त्यांच्या दिंडीत त्यांच्या शेजारून चालणारा कोण? गिरणीत एकाच खात्यात पाळी करणारे, एसटीत एकाच डेपोत रात्र काढणारे, वर्षानुवर्षं एकाच न्हाव्याकडे गेलेले. या लोकांना "त्यांच्याविषयी दोन शब्द लिहून द्या" म्हणू नका. ते घाबरून विशेषणांकडे वळतात. जाऊन भेटा आणि विचारा, "ते आमच्याबद्दल काय बोलायचे?" बापानं मुलाचं कौतुक मुलासमोर केलं नसेल. पाळी सुटल्यावर चहा पिताना मात्र केलेलं असतं. पन्नाशीच्या मुलाला, आपला दहावीचा निकाल बापानं साऱ्या खात्याला पेढे वाटून सांगितला होता, हे असं परक्याकडून कळतं.

भावंडांनी आपापलं स्वतंत्र लिहावं, एकमेकांना न दाखवता. थोरल्याला आठवणारा बाप तरुण, ओढगस्तीतला, चटकन रागावणारा असतो. धाकटीला आठवणारा निवृत्तीच्या आसपासचा, तिच्या स्कूटीच्या मागे बसून बाजारात जाणारा. दोघांचं खरं असतं. "आधी ठरवून घेऊ काय लिहायचं" असं केलंत की दोन्ही बाप पुसट होतात. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींना, सुनांना, जावयांना विसरू नका. सुनेनं तर त्यांना बाहेरून येऊन पाहिलेलं असतं, त्यामुळे घरच्यांना दिसेनाशा झालेल्या सवयी तिच्या लक्षात असतात : जेवताना शेवटचा घास भाताचाच, वर्तमानपत्र दुसऱ्यानं उघडलेलं चालायचं नाही, ताटातली चटणी संपल्याशिवाय उठायचे नाहीत.

लिहिताना एक प्रसंग, एक पान, एवढं प्रमाण पुरेसं आहे. "बाबा फार कष्टाळू होते" हे वाक्य लिहून झालं की ते खोडा आणि त्याखाली, तसं वाटायला लावणारा एक दिवस लिहा : सकाळी किती वाजता निघाले, डब्यात काय होतं, परत आले तेव्हा तुम्ही झोपला होतात का, त्यांनी पांघरूण सारखं केलं ते तुम्हाला कसं कळलं. त्यांची वाक्यं ते बोलायचे तशीच द्या. मालवणी बोलणाऱ्या बापाला पुण्याच्या भाषेत बोलवू नका. अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, जे असेल ते तसंच राहू द्या. नातवंडं अमेरिकेत वाढत असतील तर खाली अर्थ लिहा, पण आजोबांचं वाक्य बदलू नका. शक्य असेल तर त्यांच्या हस्ताक्षरातलं एखादं पान जसंच्या तसं छापा.

काही घरांत वडिलांनी स्वतःच काही लिहून ठेवलेलं सापडतं. असं असेल तर ते सगळ्यात आधी, आहे त्या शुद्धलेखनासकट द्या. डॉ. नरेंद्र जाधव यांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (1993) आठवावं. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेल्या त्यांच्या वडिलांनी, दामोदर जाधवांनी, निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी वहीत लिहिल्या. शिक्षण जेमतेम झालेल्या माणसाच्या त्या लिखाणानंच पुस्तकाला बळ आलं. ज्यांचे वडील अजून आहेत त्यांनी त्यांना आजच एक दोनशे पानी वही आणि चांगलं पेन आणून द्यावं.

आता अवघड भाग. प्रत्येक घरात काही न बोललेलं असतं : व्यसनाची काही वर्षं, भावांमधला जमिनीचा वाद, बुडालेला धंदा, आईवर उचललेला हात. यासाठी माझा नियम असा की आईचा शब्द शेवटचा. तिला नको असेल ते छापायचं नाही, मग ते कितीही खरं असो. तिची हरकत नसेल तर मोघम न लिहिता साधं लिहावं. "1985 ते 1990 बाबा फार पीत असत. थोरल्या मावशीच्या घरी राहून आईनं आम्हाला वाढवलं. नंतर त्यांनी सोडली ती कायमची, आणि त्या वर्षांबद्दल आईची माफी मागितली" एवढ्या चार ओळी पुरतात. अशा पानानंतर वाचक बाकीच्या पानांवर विश्वास ठेवतो. हयात असलेल्या नातेवाइकांवर मात्र पुस्तिकेतून कोणताही आरोप करू नये. त्यांना उत्तर द्यायला तिथे जागा नसते.

आजारपणाला जपून जागा द्या. शेवटचे दोन महिने रुग्णालयात गेलेले असतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेच असतात, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात निम्मी पानं त्यावरच जातात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ते दोन महिने आहेत. अर्ध्या पानात सांगा. ज्यांचे वडील 2020-21 च्या करोनाकाळात गेले, ज्यांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, त्यांचं दुःख वेगळं आहे, आणि त्यांना हा भाग सविस्तर लिहावासा वाटला तर जरूर लिहावा. पण तो पुस्तिकेच्या शेवटी घ्यावा, सुरुवातीला नको.

छपाईबद्दल थोडकंच. वाचणारे बरेचजण साठीपुढचे असतील, म्हणून अक्षर चौदा पॉइंटचं घ्या. पुस्तकाचे फॉर्म सोळा पानांचे असतात, त्यामुळे 48 किंवा 64 पानं असा बेत सोयीचा. शे-दीडशेपर्यंतच्या प्रती डिजिटल छापाव्यात, त्यापेक्षा बऱ्याच जास्त हव्या असतील तर ऑफसेट परवडतं. दोन ठिकाणी भाव विचारा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्या, म्हणजे तो पुढे फोनवर, संगणकावर कुठेही उघडतो. मुद्रितं तपासायला घरातल्या माणसाबरोबर एक बाहेरचं माणूस ठेवा, कारण घरच्यांचे डोळे फोटोंवरच थांबतात. गावांची आणि माणसांची नावं दोनदा तपासा. मावशीचं नाव चुकलं तर तिला होणारं दुःख फार मोठं असतं.

वर्षश्राद्धाची तारीख गाठायची म्हणून घाई करू नका. रमाबाईंना नऊ वर्षं लागली. पुस्तिका दुसऱ्या पुण्यतिथीला आली तरी चालेल, पंचविसाव्या वर्षी नातीनं काढली तरीही चालेल. छपाई थांबू शकते, कागद पेटीत राहू शकतात. आईच्या आणि आत्याच्या आठवणींना मात्र तेवढा वेळ नाही. येत्या रविवारी दुपारी अर्धा तास काढा, तिच्याजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारा : लग्नाच्या आधी तू बाबांना कुठे पाहिलं होतंस?